बर्मिंगहॅमचा बोनस

५ सप्टेंबर २०२३ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेने 'कलम ११४' ची नोटीस काढली. सोप्या मराठीत सांगायचं तर तिजोरीत खडखडाट. यापुढे कायद्याने जे करणं भाग आहे तेवढाच खर्च, नवीन काही नाही. ११ लाखांवर वस्तीचं शहर, युरोपातली सगळ्यात मोठी स्थानिक संस्था म्हणून जिचं नाव घेतात ती महापालिका, आणि तिची ही गत!

आम्हा आयटीवाल्यांत ही बातमी फिरली ती ओरॅकलमुळे. महापालिकेने एप्रिल २०२२ मध्ये जुनं सॅप काढून ओरॅकल बसवलं आणि सगळा बट्ट्याबोळ झाला. साधे बँकेचे हिशेब जुळेनात. मूळ अंदाज सुमारे २ कोटी पौंडांचा होता, तो १० कोटींच्या पुढे गेला. दुसऱ्याचा प्रोजेक्ट बोंबलल्याची गोष्ट आपण किती चवीने वाचतो ते काही सांगायला नको :) मीही तशीच वाचत बसले होते. पण त्याच बातम्यांमध्ये दुसरा एक आकडा होता आणि त्याच्याकडे आमच्यापैकी कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. ६५ ते ७६ कोटी पौंड. पौंडाला शंभर रुपये धरले तरी ७,६०० कोटींपर्यंत जातं. हे कसलं देणं? तर महापालिकेत काम करणाऱ्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी दिलेल्या पगाराचं. आणि याआधीच त्याच कारणासाठी सुमारे ११० कोटी पौंड देऊन झालेले होते.

म्हणजे ओरॅकल राहिलं बाजूला. एखादी महापालिका बायकांना कमी पगार दिला म्हणून बुडते कशी? समान वेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये १९७० सालचा आहे. मग २०२३ पर्यंत हे लोक करत काय होते? गेले दोन-तीन वीकएंड मी याच्याच मागे होते. जे हाती लागलं ते असं.

सुरुवात नेहमी १९६८ पासून करतात, फोर्डच्या डॅगनहॅम कारखान्यापासून. गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका संपावर गेल्या. त्यांचं काम 'अकुशल' धरलं होतं म्हणून. त्यावर पुढे सिनेमाही निघाला, त्यामुळे ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मंत्री बार्बरा कॅसल यांनी मध्यस्थी केली, तीन आठवड्यांनी संप मिटला, बायकांना पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के मिळायला लागले आणि दोन वर्षांनी कायदा आला. सिनेमा इथे संपतो. पण मूळ मागणी, म्हणजे आमचं काम कुशल धरा ही, मान्य व्हायला १९८४ साल उजाडलं आणि त्यासाठी आणखी एक संप करावा लागला. कायदासुद्धा लागू झाला तो २९ डिसेंबर १९७५ ला. तयारीसाठी मालकांना पाच वर्षं दिली होती. कित्येकांनी या पाच वर्षांत तयारी केलीही, पण वेगळीच. बायकांची कामं आणि पुरुषांची कामं इतकी वेगळी करून ठेवली की 'सारखंच काम' असं म्हणता येऊ नये.

महापालिकांमध्ये ही वाटणी मुद्दाम करायची गरजच नव्हती. ती आधीपासून होतीच. कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, खड्डे बुजवणारे, थडगी खणणारे सगळे पुरुष. शाळेत मुलांचं जेवण रांधणाऱ्या-वाढणाऱ्या, इमारती पुसणाऱ्या, शाळेत मदतनीस म्हणून असणाऱ्या आणि घरोघर जाऊन म्हाताऱ्या-आजारी माणसांना उठवणं-बसवणं, आंघोळ, औषधपाणी करणाऱ्या सगळ्या बायका. या शेवटच्यांना तिथे 'होम हेल्प' म्हणायचे. नावातच काय ते आलं. घरी करतातच की हे सगळं, त्यात काय मोठंसं!

तरी १९८७ मध्ये एक मोठी गोष्ट घडली आणि तिची गणना कुठल्याच सिनेमात नाही. स्थानिक संस्थांच्या श्रमिक कामगारांसाठी राष्ट्रीय पातळीवर कामांचं नव्याने मूल्यमापन झालं. कामाला लागणारं कौशल्य, जबाबदारी, अंगमेहनत अशा निकषांवर गुण द्यायचे आणि गुणांवरून श्रेणी ठरवायची. आपल्या कंपन्यांमध्ये 'बँड' असतात ना, तसंच काहीसं. या मोजणीत होम हेल्पचं काम बरंच वर गेलं. शाळेतल्या स्वयंपाकाच्या बायका, रस्ते झाडणारे, माळी, कचरावाले हे सारख्या किंवा जवळपासच्या श्रेणींत येऊन बसले. महापालिकेने स्वतःच, स्वतःच्या कागदावर, कामगार संघटनांच्या सह्यांसकट लिहून दिलं की ही कामं तुल्यबळ आहेत.

झालं की मग! असं वाटेल. पण कागदावर श्रेणी एक झाली तरी पगाराच्या पाकिटात बोनस नावाची एक चीज शिल्लक होती.

हा बोनस म्हणजे दिवाळीचा बोनस नव्हे. आपल्याकडच्या व्हेरिएबल पेसारखा समजा. तुमचा आणि शेजारच्या क्यूबिकलमधल्या माणसाचा बँड एक, बेसिक एक. पण त्याच्या टीमला दर महिन्याला बेसिकच्या निम्मं किंवा त्याहून जास्त व्हेरिएबल मिळतं आणि तुमच्या टीमला ते लागूच नाही. का लागू नाही, तर तुमचं काम मोजता येत नाही म्हणून.

आणि यात एक गोम आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. हा बोनस कुणी बायकांना डावलायचं म्हणून शोधून काढलेला नव्हता. साठच्या दशकात ब्रिटन सरकारने पगारवाढीवर लगाम घातला होता. महापालिकांच्या कामगारांचा मूळ पगार तर फारच तुटपुंजा. वाढ द्यायची तर उत्पादकता वाढल्याचं दाखवा, अशी अट. १९६७ मध्ये किंमती आणि वेतन पाहणाऱ्या सरकारी मंडळाने अहवाल दिला की या कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस द्यावा. मग स्टॉपवॉच घेऊन माणसं फिरायला लागली. तासाला किती डबे उचलले, किती यार्ड रस्ता झाडला, किती खणलं. हे सगळं मोजता येतं. पण अर्धांगवायू झालेल्या आजोबांना न दुखवता कुशीवर वळवायला किती वेळ 'लागायला हवा', हे कोण मोजणार? पन्नास पोरांना जेवायला वाढताना रडणाऱ्या एकाला समजावलं, ते कुठल्या रकान्यात टाकणार? शिवाय बायकांचा पगार आधीच इतका कमी होता की त्यांचं काम मोजण्यात कुणाला रस नव्हता. तर बोनस मिळाला तो जे मोजता येतं त्याला, आणि जे मोजता येतं ते निघालं पुरुषांचं.

पुढे ते स्टॉपवॉचही गेलं. वर्षं उलटली तशी अनेक ठिकाणी मोजमाप बंद पडलं आणि बोनस मात्र दरमहा ठरल्यासारखा येत राहिला. काम जास्त झालं काय, कमी झालं काय, बोनस पक्का! म्हणजे नाव बोनस, पण प्रत्यक्षात मूळ पगारच, फक्त पुरुषांचा. कोड लिहिणाऱ्यांना ही जात ओळखीची वाटेल. कधीतरी कुठल्यातरी अडचणीसाठी टाकलेला पॅच, अडचण केव्हाच गेली, लिहिणारा माणूसही सोडून गेला, आणि आता त्या पॅचवर अर्धी सिस्टिम उभी आहे. काढायची कुणाची हिंमत नाही.

आता मधला एक खटला सांगते, कारण तो वाचून मला खरोखर राग आला. १९८८ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने कायदा केला की महापालिका आणि काउंटी कौन्सिलांनी सफाई, शाळेतलं जेवण वगैरे कामांची निविदा काढायची आणि खाजगी कंत्राटदारांशी स्पर्धा करायची. नॉर्थ यॉर्कशायरच्या काउंटी कौन्सिलला शाळेच्या जेवणाचं कंत्राट हातातून जाऊ द्यायचं नव्हतं. कंत्राटदार बायकांना कमी पैशांत राबवणार हे उघड होतं, कारण शाळेच्या वेळेत, घराजवळ, दुसरं काम त्या बायकांना मिळत नव्हतं. मग कौन्सिलने काय केलं, तर जेवण वाढणाऱ्या बायकांना नोटीस देऊन काढलं आणि कमी पगारावर परत घेतलं. तेही १९८७ च्या मूल्यमापनात त्यांचं काम पुरुषांच्या कामांच्या तोडीचं ठरलेलं असताना. 'बाजारभावच तो आहे, आम्ही काय करणार,' हा बचाव. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि जुलै १९९५ मध्ये बायका जिंकल्या. स्पर्धेत टिकण्यासाठी पगार कापले हे खरं असेल, पण कापले ते बायका होत्या म्हणूनच कापता आले, असा त्या निकालाचा अर्थ. बाजारभाव हा बचाव आजही किती सहज वापरला जातो! आपल्याकडे ऑफर लेटरच्या आधी जुनी सॅलरी स्लिप मागतात, त्यामागे दुसरं काय असतं?

असो. या निकालाने महापालिका हादरल्या आणि १९९७ मध्ये 'सिंगल स्टेटस' नावाचा राष्ट्रीय करार झाला. श्रमिक कामगार आणि ऑफिसातले कर्मचारी यांची वेगवेगळी पुस्तकं बंद, सगळ्यांना एकच वेतनरचना, आणि सगळ्या कामांचं पुन्हा मूल्यमापन. यासाठी जी पद्धत तयार झाली तिच्यात १३ घटक आणि एकूण १,००० गुण होते. ज्ञान, बौद्धिक कौशल्य, शारीरिक श्रम यांच्याबरोबर 'भावनिक ताण' हाही एक घटक होता, आणि माणसांची जबाबदारी, पैशांची जबाबदारी आणि वस्तूंची जबाबदारी हे वेगवेगळे मोजायचे होते. आधीच्या बऱ्याच पद्धतींमध्ये हातात किती किमतीचं मशीन आहे याला गुण असायचे, आणि हातात मरणासन्न माणूस आहे याला कमी किंवा काहीच नसायचे. ही यादी कुठल्या घोषणेपेक्षा मोलाची आहे असं माझं मत. बायकांच्या कामाला 'मान' द्या असं म्हणणं सोपं असतं. त्याचा रकाना तयार करून त्यात आकडा टाकणं अवघड.

करार झाला, पण पैसे कोण देणार? लंडनच्या सरकारने वेगळी रक्कम दिली नाही. बायकांचा पगार वर न्यायचा तर महापालिकेकडे पैसा नाही. पुरुषांचा बोनस काढायचा तर कचरावाले संप करणार, आणि कचरावाल्यांचा संप शहराला तिसऱ्या दिवशी नाकाने कळतो. होम हेल्पचा संप कुणाला दिसतो? एका खोलीत पडलेल्या म्हातारीला. तेव्हा सगळ्यांनी सोयीचा मार्ग धरला, म्हणजे पुढे ढकललं. मुदत ठरली होती ३१ मार्च २००७. बर्मिंगहॅमने नवी रचना लागू केली २००८ मध्ये. याला आपण टेक्निकल डेट म्हणतो. फरक एवढाच की आपल्या डेटवर व्याज लागतं ते रात्री जागून फेडता येतं.

आणि हे व्याज २००३ पासून चांगलंच चढायला लागलं. तोपर्यंत समान वेतनाचा दावा जिंकला तरी मागचे दोनच वर्षांचे पैसे मिळायचे. युरोपीय न्यायालयाच्या निकालांमुळे ती मर्यादा सहा वर्षांची झाली (स्कॉटलंडमध्ये पाच). त्याच सुमारास न्यूकॅसलचे स्टीफन क्रॉस नावाचे वकील, जे आधी कामगार संघटनांची कामं करायचे, स्वतंत्र झाले आणि 'जिंकलात तर फी' या बोलीवर बायकांचे दावे घ्यायला लागले. संघटनांच्या पुढाऱ्यांनी त्यांना पोटभर शिव्या घातल्या. बायकांच्या नुकसानभरपाईतून टक्केवारी घेतो म्हणून. पण प्रश्न असा होता की वर्गणी भरणाऱ्या या बायकांसाठी इतकी वर्षं संघटनांनी काय केलं होतं?

याचं उत्तर मिडल्सबरोच्या खटल्यात मिळालं. तिथे जीएमबी या मोठ्या संघटनेने महापालिकेशी वाटाघाटी करताना बायकांच्या मागच्या थकबाकीवर पाणी सोडलं, म्हणजे पुरुषांच्या पगाराला संरक्षण देता येईल आणि पुढची रचना पदरात पाडता येईल. बायकांना हे नीट सांगितलंही नाही. बायकांनी मालकावर नव्हे तर आपल्याच संघटनेवर दावा लावला आणि २००८ मध्ये अपील न्यायालयात तो जिंकला. हेतू वाईट नव्हता, पण त्यासाठी वापरलेला मार्ग भेदभावाचा होता, असं न्यायालयाचं म्हणणं.

अवांतर: हा भाग वाचताना मला मुंबईचा एक खटला आठवला. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांना जास्त पगार, बायकांना कमी. १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली त्या भांडल्या. कंपनीचा बचाव काय होता माहितीये? 'हे दर युनियनशी झालेल्या कराराप्रमाणे आहेत.' मार्च १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. करार केला म्हणून कायदा टळत नाही, आणि कंपनीला परवडत नाही म्हणूनही टळत नाही. डिकॉस्टाबाईंची नोकरी १९७७ मध्येच गेलेली होती. ब्रिटनमधल्या महापालिका आणि संघटना हेच शिकायला पुढे वीस वर्षं घेणार होत्या.

परत बर्मिंगहॅमला. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या रोजगार न्यायाधिकरणाने चार हजारांहून जास्त बायकांच्या बाजूने निकाल दिला. सफाई, स्वयंपाक, काळजी अशी ४९ प्रकारची कामं करणाऱ्या बायका. सुनावणीत जे आकडे बाहेर आले ते वाचून मी दोनदा तपासले. पुरुषांच्या काही कामांना मूळ पगाराच्या १६० टक्क्यांपर्यंत बोनस होता. एका कचरा कामगाराने एका वर्षात ५१,००० पौंड घरी नेले होते आणि त्याच श्रेणीतल्या बायकांना १२,००० सुद्धा मिळत नव्हते.

महापालिकेने यातून धडा घेतला असं वाटत असेल, तर थांबा. पुढचा वाद निघाला नोकरी सोडून गेलेल्या बायकांचा. न्यायाधिकरणात जायची मुदत नोकरी सुटल्यापासून सहा महिने. कित्येकींना आपल्या शेजारच्या खात्यात बोनस मिळत होता हेच मुळी नोकरी सुटल्यावर कळलं. मग १७० हून जास्त जणींनी दिवाणी न्यायालयात दावा लावला, तिथे मुदत सहा वर्षांची. 'चुकीच्या दारात आलात,' असं म्हणत महापालिका सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली आणि २४ ऑक्टोबर २०१२ ला हरली. तीन विरुद्ध दोन अशा फरकाने, म्हणजे थोडक्यातच. पण तो थोडका फरक फार महागात पडला, कारण जुन्या दाव्यांचं दार उघडलं. २०१५ मध्ये महापालिकेने शहराचं भूषण असलेली एनईसी ही प्रदर्शन केंद्रांची कंपनी ३० कोटी ७० लाख पौंडांना विकली, ती मुख्यतः ही देणी भागवायला.

ग्लासगोची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मला ती जास्त आवडते. तिथल्या महापालिकेने २००६-०७ मध्ये राष्ट्रीय पद्धत सोडून स्वतःची मूल्यमापन पद्धत आणली. दिसायला चकचकीत, आतून मात्र भलतीच. काही जादा रक्कम मिळायची तर आठवड्याला ३७ तासांचं काम हवं, असा नियम. आता अर्धवेळ काम कोण करतं? बायका. नियमात 'स्त्री' हा शब्दसुद्धा नाही आणि परिणाम मात्र बिनचूक. वर पुरुषांचा जुना बोनस तीन वर्षं चालू ठेवला होता, 'संरक्षण' म्हणून. आपण ज्याला बायस्ड अल्गोरिदम म्हणतो त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्यात एकही कॉम्प्युटर लागला नाही. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की ही पद्धत कायद्याला धरून आहे हे महापालिकेला सिद्ध करता आलेलं नाही.

तरी वाटाघाटी रखडल्या. मग २३ आणि २४ ऑक्टोबर २०१८ ला आठ हजारांहून जास्त बायका संपावर गेल्या. घरोघर सेवा करणाऱ्या, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या, सफाईच्या. अशा बायका सहसा संप करत नाहीत, कारण आपण गेलो नाही तर त्या म्हातारीला कोण बघेल, हा विचार सुटत नाही. आणि मालकाला हे बरोबर माहीत असतं. संपाच्या वेळी अत्यावश्यक सेवांची सोय ठेवून त्या बाहेर पडल्या. ग्लासगो ग्रीनपासून जॉर्ज स्क्वेअरपर्यंत मोर्चा गेला. याच शहरात १९१५ मध्ये मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने बायकांनी घरभाड्याविरुद्ध संप केला होता आणि सरकारला भाडी गोठवायला लावली होती. पाच वर्षांनी त्या ग्लासगोच्या पहिल्या नगरसेविकांपैकी एक झाल्या. त्यांचा पुतळा गोव्हन भागात उभा राहिला तोही २०१८ च्या मार्चमध्येच.

पण मला सगळ्यात जास्त भावलं ते वेगळंच. त्या दिवशी कचरागाड्यांच्या डेपोबाहेर बायका उभ्या राहिल्या, आणि पुरुष कचरा कामगारांपैकी अनेकांनी त्यांना ओलांडून आत जायला नकार दिला. ज्यांच्या बोनसशी बायकांच्या पगाराची तुलना चालली होती तेच हे लोक. कायद्याने त्यांना तसं करायचा हक्क नव्हता, पगार जाण्याची भीती होती. तरी गाड्या हलल्या नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये महापालिकेने सुमारे ५५ कोटी पौंडांची तडजोड मान्य केली. पैसे उभे करायला शहरातल्या नामांकित इमारती आपल्याच कंपनीला विकून परत भाड्याने घेतल्या.

आता तुम्ही म्हणाल, बर्मिंगहॅमने ११० कोटी दिले, मग २०२३ मध्ये परत ७६ कोटींचं देणं आलं कुठून? इथेच खरी मजा आहे, म्हणजे बर्मिंगहॅमच्या नागरिकांना अजिबात मजा नाही. बोनस कागदावरून गेला होता, पण कचरा खात्यात 'काम संपलं की घरी' ही पद्धत चालू राहिली. फेरी लवकर संपली तर उरलेल्या तासांचा पगार घेऊन घरी जायचं. स्वयंपाकघरातल्या बाईला अशी सोय नाही. सारखा पगार, कमी तास, म्हणजे तासाचा दर जास्त. पुन्हा बोनसच, फक्त पैशांऐवजी वेळेत! २०१७ च्या उन्हाळ्यात ही रचना बदलायचा प्रयत्न झाला तेव्हा कचरावाल्यांनी सात आठवडे संप केला, महापालिकेच्या नेत्याला राजीनामा द्यावा लागला, आणि तडजोड म्हणून गाडीवर एक नवं पद तयार झालं, कचरा पुनर्वापर अधिकारी अशा अर्थाचं. संप मिटला, आणि नव्या दाव्यांना आणखी एक आधार मिळाला.

७६ कोटी हा आकडा फुगवलेला होता असं नंतर संघटनांनी आणि काही अभ्यासकांनी सांगितलं. ओरॅकलच्या गोंधळात हिशेबच धड लागत नव्हते, तेव्हा त्यात तथ्य असावं असं मलाही वाटतं. पण त्या आकड्याच्या धक्क्याने जे व्हायचं ते झालं. सरकारने आयुक्त नेमले. एप्रिल २०२४ मध्ये घरपट्टीसारखा जो कर तिथे असतो तो जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला. कलासंस्थांची अनुदानं बंद, ग्रंथालयांच्या वेळांना कात्री, वृद्धांच्या आणि मुलांच्या सेवांवर कपात. म्हणजे बायकांना थकलेला पगार द्यायला ज्या सेवा कापल्या, त्यात काम करणाऱ्या बायका आणि त्यांच्यावर विसंबणाऱ्याही जास्त करून बायकाच. पेपरांनी मथळे दिले की समान वेतनाने शहर बुडवलं. मला हे वाक्य पटत नाही. वीज चोरून वापरणाऱ्याला शेवटी बिल आलं, तर घर बिलाने बुडालं असं आपण म्हणू का?

डिसेंबर २०२४ मध्ये जीएमबी आणि युनिसन या संघटनांशी सुमारे ६,००० दाव्यांची तडजोड ठरली. आणि मग महापालिकेने ते २०१७ चं पद काढून टाकायचं ठरवलं, ते राहिलं तर उद्या पुन्हा समान वेतनाचे दावे येतील या भीतीने. कचरा कामगारांची संघटना म्हणाली, आमच्या काही माणसांचं वर्षाला ८,००० पौंडांपर्यंत नुकसान होईल. महापालिका म्हणाली, इतकं नुकसान होणारे फार थोडे. ११ मार्च २०२५ पासून बेमुदत संप. महिनाअखेर रस्त्यांवर सुमारे १७,००० टन कचरा साठला होता आणि शहरात 'मोठी आपत्ती' जाहीर करावी लागली. जगभरच्या टीव्हीवर काळ्या पिशव्यांचे ढीग आणि त्यातले उंदीर दिसले.

२०१७ मध्ये महापालिकेनेच सही करून दिलेल्या पदावरचा पगार या माणसांना आठ वर्षं मिळत होता. त्यावर त्यांनी घरांचे हप्ते बांधले असणार. त्यांना चोर म्हणणं मला जमत नाही. बायकांचा पगार त्यांच्याइतका वर न्यायचा, की त्यांचा खाली आणायचा, हा प्रश्न १९८७ च्या त्या मूल्यमापनापासून तसाच पडून आहे, आणि पैसे नसलेल्या महापालिकेने दर वेळी दुसरा पर्याय निवडला किंवा काहीच निवडलं नाही. ग्लासगोत जे कामगार बायकांसाठी गाड्या सोडून उभे राहिले होते, तशाच कामगारांना बर्मिंगहॅममध्ये सांगितलं जात होतं की तुमचा पगार जातोय तो त्या बायकांमुळे. २०२५ संपलं तरी तो संप मिटलेला नव्हता.